थैलीतले मांजर

गेल्या महिन्यात आमच्या घरातील एक विद्यार्थी इंग्रजीचा अभ्यास करीत बसला होता. कोणाचे गुपित उघड करणे या अर्थी इंग्रजीत ‘मांजर थैलीबाहेर सोडणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचे मराठी करावयाचे होते. मुलाने सरळ शब्दास शब्द ठेवून वाक्य लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले, “शेवटी त्याने थैलीतले मांजर बाहेर सोडले.” माजघरात भाजी निवडीत बसलेल्या आमच्या वृद्ध मातोश्रींच्या कानांवर एवढेच वाक्य पडले. त्या तिथूनच म्हणाल्या, “मग दूध झाकून ठेवा.” घरात हशा पिकला, मुलगा ओशाळला, आणि अखेर ‘बिंग फुटले’ असे भाषांतर करून आम्ही त्याची सुटका केली.

परंतु ती वही मिटली तरी आमच्या मनातील विचार मिटला नाही. मातोश्रींचे बोलणे विनोदाचे असले तरी त्यात एक शहाणपण होते. गुपित उघडे पडले की ते जेथून निघाले तेथेच थांबत नाही. ते घरभर हिंडते, आणि कोणाच्या तरी दुधात तोंड घालते. मग ते बाहेर सोडावे की सोडू नये, सोडल्यास कोणी आणि कोणासमोर सोडावे, हा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. तो नीतीचा होतो. त्याचाच थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या इंग्रजी मांजराची हकीकत पाहू. हा वाक्प्रचार छापलेला आढळतो तो १७६० सालापासून. लंडनच्या एका मासिकात एका पुस्तकाचे परीक्षण करताना परीक्षकाने तो वापरला आहे. म्हणजे ग्रंथपरीक्षणे छापणाऱ्या मासिकांशी या मांजराचे नाते जुनेच आहे! त्याच्या उगमाविषयी सांगतात ती कथा बाजारातली आहे. डुकराचे पिलू विकतो म्हणून विक्रेत्याने तोंड बांधलेली थैली गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, आत मात्र मांजर असावे, आणि कोणी थैलीची गाठ सोडताच ते मांजर उडी मारून पळावे व लबाडी उघडकीस यावी. ही कथा खरी मानण्यास भाषापंडित फारसे तयार नाहीत. पिलू आणि मांजर यांच्या वजनात, हालचालीत आणि ओरडण्यात एवढे अंतर आहे की इतका भोळा गिऱ्हाईक क्वचितच सापडेल. दुसरे कोणी या मांजराचा संबंध जहाजावरील शिक्षेच्या चाबकाशी जोडतात. त्यालाही आधार पुरेसा नाही. तथापि न पाहता वस्तू विकत घेणाऱ्यास फ्रेंच, जर्मन व डच या तिन्ही भाषांत ‘थैलीतले मांजर विकत घेणारा’ असे म्हणतात, आणि गुपित उघड करण्यास जर्मन मनुष्यही मांजरालाच थैलीबाहेर काढतो. तेव्हा कथा घडलेली नसली तरी ती युरोपच्या बाजारी मनात घर करून होती, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. याच अर्थाचा ‘घेवडे सांडणे’ हा दुसरा इंग्रजी वाक्प्रचार तर अगदी अलीकडचा. तो विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाला. प्राचीन ग्रीकांच्या मतदानातील दाण्यांशी त्याचे नाते जोडतात तेही मागाहून सुचलेलेच दिसते.

व्युत्पत्ती कशीही असो, त्या बाजारी कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीत माणसे तीन आहेत: थैली बांधणारा, थैली विकत घेणारा आणि गाठ सोडणारा. गाठ सोडणाऱ्याने विक्रेत्याचे नुकसान केले, पण गिऱ्हाइकावर उपकारच केले. असे असता आज इंग्रज मनुष्य हा वाक्प्रचार वापरतो तेव्हा त्याचा सूर बहुधा सौम्य ठपक्याचा असतो. ‘अरेरे, बोलून बसलात!’ असा. आश्चर्याची मेजवानी ठरली होती, कोणी बोलून बसला आणि मौज गेली, अशा प्रसंगी तो शोभतो. कथेतील उपकारकर्ता भाषेत मात्र आगाऊ ठरला. मूळच्या थैलीत लबाडी होती आणि आताच्या थैलीत बहुधा मौज असते, म्हणून असे झाले असावे. थैलीत काय आहे हे पाहिल्यावाचून ती सोडणाऱ्यास दोष देऊ नये आणि शाबासकीही देऊ नये, हा पहिला बोध त्या मांजरापासून घ्यावा.

आता आपल्या भाषेकडे वळू. आपण या बाबतीत दरिद्री नाही. उलट आपल्याकडे एकाच क्रियेला निरनिराळे शब्द असून प्रत्येकात निराळा निवाडा दडलेला आहे. ‘बिंग फुटणे’ यात मुळातच कपट गृहीत आहे. ज्याचे बिंग फुटते त्याविषयी कोणास कणव येत नाही. ‘पितळ उघडे पडणे’ यात सोन्याचा खोटा मुलामा आहे. ‘चव्हाट्यावर आणणे’ यात मात्र दोष आणणाऱ्याकडे जातो. घरातली गोष्ट चार रस्ते मिळतात तेथे नेऊन मांडणे हे असभ्यपणाचे आहे, ती गोष्ट खरी असली तरीही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण गरीब घराची अब्रू राखते. ‘ताकास तूर लागू न देणे’ यात धूर्तपणाचे थोडेसे कौतुक आहे, तर ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ यात उगाच लपवालपवी करणाऱ्याची थट्टा आहे. दोन माणसांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली, म्हणजे ‘षट्कर्णी’ झाली, की ती गुप्त राहत नाही, हे तर आपण संस्कृतातून शिकलो.

पण या सर्वांहून आम्हास विचार करण्याजोगा वाटतो तो ‘पोटात ठेवणे’ हा साधा प्रयोग. मराठी मनुष्य गुपित थैलीत ठेवीत नाही, पोटात ठेवतो. आणि दुसऱ्याचा अपराध क्षमा करावयाचा असतो तेव्हाही आपण तो ‘पोटात घालतो’. गुपित राखणे आणि अपराध क्षमा करणे या दोहोंना आपल्या भाषेने एकच जागा दिली आहे. थैली ही विक्रेत्याची वस्तू. तिच्याशी आपला संबंध देण्याघेण्याचा. पोट हे आपले स्वतःचे. त्यात जे ठेवू ते आपल्यालाच पचवावे लागते, आणि जे पचत नाही ते दुखवते. दुसऱ्याचे गुपित स्वीकारणे म्हणजे त्याचा भार आपल्या अंगावर घेणे होय, हे ही भाषा जाणते. या उदाहरणापुरती तरी ती इंग्रजीहून एक पायरी खोल गेली आहे, असे आम्ही अभिमानाने म्हणू.

शब्दांचा विचार येथवर पुरे. नीतीचे प्रश्न शब्दांवरून सुटत नाहीत. ते माणसांच्या वर्तनावरून सुटतात, आणि तेही पूर्णपणे नव्हे. असे वर्तन पाहावयास आम्ही दूर जाणार नाही. पुण्याच्या दक्षिणेस व नैऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख आहे. रोहिडा आणि रायरेश्वर भोरकडे, राजगड आणि तोरणा वेल्ह्याकडे. वेल्हे तालुक्यास आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. एवढ्या चिंचोळ्या मुलखात गुपित राखण्याचे, गुपित सांगण्याचे आणि न सांगण्याचे असे प्रसंग घडले आहेत की त्यांवरून या प्रश्नाची सर्व अंगे पाहता यावीत.

भोर संस्थानचे अधिपती पंतसचिव. १९४८ साली हे संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, परंतु सचिव हे नाव त्या गावाला अद्याप चिकटून आहे. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे पूर्वीचा सुरनीस. राज्याची पत्रे वाचून, त्यांतील उणेअधिक पाहून, ती नीट करणे हे त्याचे काम. इंग्रजीतील सेक्रेटरी हा शब्दही गुपित या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून मूळचा सेक्रेटरी म्हणजे धन्याची गुपिते सांभाळणारा विश्वासू मनुष्य. राज्य म्हटले की कागद आले, कागद आले की गुपिते आली, आणि ती सांभाळणारा कोणी तरी विश्वासू असावा लागतो, हे दोन्ही देशांत सारखेच. या घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांना राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळाले. पुढे १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा शंकराजींपुढे भयंकर पेच उभा राहिला. ताराबाईंच्या पक्षाशी ते शपथेने बांधलेले. समोर थोरल्या महाराजांचा नातू. शपथ मोडवेना आणि त्यांच्यावर शस्त्रही धरवेना, म्हणून भोरजवळ अंबवडे येथे त्यांनी स्वतःच देह ठेवला असे सांगतात. त्यांची समाधी तेथे आहे. दिलेला शब्द पोटात ठेवणे म्हणजे काय, हे तेथे उभे राहिले असता कळते. अशी वेळ कोणावर येऊ नये, आणि आत्मघात हे पेचाचे उत्तरही नव्हे. परंतु शब्दाचे ओझे त्या माणसाला खरे वाटत होते, एवढे निश्चित.

आता याच्या उलट प्रसंग पाहू. १६५९ साली अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला. त्यापूर्वी विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्माने धाडली. आजच्या भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे यांच्या नावे १६ जून १६५९ चे फर्मान आले. खानाच्या चाकरीत रुजू व्हावे, न झाल्यास परिणाम बरा होणार नाही, असा त्याचा आशय. कान्होजी काय करणार? उघडपणे ते आदिलशाहीचे वतनदार देशमुख. दरबाराचे फर्मान घेऊन ते दरबाराच्या शत्रूकडे गेले आणि त्याच्यापुढे ते ठेवले. बरोबर आपले पाच मुलगे नेले. हा प्रकार विजापूरच्या दृष्टीने पाहिला तर थैलीतले मांजर बाहेर सोडणेच होते. धन्याचा हुकूम धन्याच्या वैऱ्याला दाखवणे, यास फितुरी हेच नाव त्या दरबारात मिळाले असेल. आणि आपण मराठे मात्र तीनशे साठांहून अधिक वर्षे त्यास निष्ठा म्हणत आलो आहो.

येथे शंकेखोर वाचक म्हणेल, “ज्याचा पक्ष जिंकतो त्याच्या फितुरीला निष्ठा म्हणतात, एवढाच याचा अर्थ.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच वेळी त्याच खोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाले. तेही देशमुखच, तेही मावळचेच. खान मारला गेला आणि खोपडे फितूर ठरले. खान जिंकला असता तर कदाचित जेधे फितूर ठरून खोपडे राजनिष्ठ म्हणून मिरवले असते. मग दोघांत अंतर काय राहिले?

आमच्या मते अंतर आहे, आणि ते प्रतापगडावरील जयापजयाच्या आधीचे आहे. पहिली गोष्ट, कान्होजींचा शब्द आधीच गुंतला होता. शहाजीराजांबरोबर त्यांनी कैद भोगली होती, आणि सुटकेनंतर पुत्राच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ राजांनी त्यांच्याकडून घेतली होती. फर्मान दाखवून त्यांनी नवा विश्वासघात केला नाही. जुना विश्वास पाळला. दुसरी गोष्ट, त्यांनी जे केले ते तोंड लपवून केले नाही. मुलांसह समोर गेल्यावर परतीची वाट उरत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वतन जाईल याची जाणीव महाराजांनी करून दिली तेव्हा कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले, अशी परंपरा आहे. त्या काळी मावळातल्या देशमुखास वतन हे प्राणाहून प्रिय. जो सांगण्याबद्दल मोबदला घेतो तो गुपित विकतो. जो सांगण्यासाठी आपले काही गमावतो त्याने निदान बाजार मांडलेला नसतो. खोपडे वतनाच्या आशेने गेले असे म्हटले जाते.

या हकीकतीचा शेवटही मननीय आहे. खान मारला गेल्यावर खोपड्यांना जीव वाचवण्याची चिंता पडली. ते गुंजण मावळचे, म्हणजे आजच्या वेल्ह्याच्या बाजूचे, हैबतराव शिळीमकर यांच्या मध्यस्थीने कान्होजींकडे आले, आणि कान्होजींनी महाराजांपाशी त्यांच्यासाठी रदबदली केली. जीव वाचला, पण पुढे महाराजांनी त्यांचा एक हात व एक पाय तोडवला, असे सांगतात. ज्याने विजापूरचे फर्मान उघड केले तोच शेजाऱ्याचा अपराध पोटात घालण्यास पुढे झाला. उघड करणे आणि पोटात घालणे हे दोन परस्परविरोधी स्वभाव नव्हेत. एकाच माणसाच्या ठिकाणी दोन्ही असू शकतात, आणि असावेत.

तथापि ‘ज्याने गमावले तो खरा’ ही कसोटी पुरेशी नाही, हे आम्ही कबूल करतो. सूड घेण्यासाठी स्वतःचे नाक कापून घेणारीही माणसे असतात. तेव्हा दुसरी एक कसोटी तिच्या जोडीस घेणे अवश्य आहे, ती अशी: या गुपिताचा धनी कोण, आणि ते झाकून राहिल्याचा भुर्दंड कोणावर?

जेथे धनी आणि भुर्दंड सोसणारा एकच असतो तेथे दुसऱ्याने तोंड उघडण्याचे कारणच नाही. शेजाऱ्याच्या घरची ओढाताण, कोणाचा आजार, कोणाच्या लग्नात राहिलेली उणीव, ही ज्याची त्याची मूठ आहे. ती झाकून राहिल्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही. उघडल्याने मात्र एका घराची मान खाली जाते. अशा गोष्टी ‘खऱ्या आहेत’ म्हणून सांगत सुटणारे पुष्कळ लोक स्वतःस सत्यवादी समजतात. त्यांचे सत्य खरे असते, पण सत्याचे प्रेम खरे नसते. त्यांना ऐकणाऱ्याच्या भुवया वर गेलेल्या पाहण्याची आवड असते.

जेथे धनी अनेक असतात तेथे कोणा एकास ते सोडण्याचा अधिकार नाही. रायरेश्वराच्या देवळात १६४५ साली मूठभर सवंगड्यांनी शपथ घेतली असे परंपरा सांगते. तेथे कान सहाहून कितीतरी अधिक होते. षट्कर्णी झालेली गोष्ट फुटते हा नियम खरा. परंतु गोष्ट जेव्हा सर्वांची स्वतःची असते तेव्हा पुष्कळ कानांतही ती सुरक्षित राहते.

कधी कधी गुपितात गुपितपणा उरलेला नसतो, तरी धनी ते सोडीत नाही. जुन्या घराण्यांच्या दप्तरांचे असे झाले होते. वतनाच्या तंट्यात कागद उलटेल या भीतीने पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावरच्या पेट्या कुलुपात राहिल्या आणि आतले कागद वाळवीने खाल्ले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते अशा पेट्या उघडवण्यासाठी. या बाबतीतही कारीने धडा घालून दिला. जेधे घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध झाली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आज आपण मानतो तिला त्या शकावलीचा मोठा आधार आहे. एका घराने आपली पेटी उघडली आणि साऱ्या महाराष्ट्राला आपल्या राजाचा जन्मदिवस मिळाला. येथे धन्याने स्वतः गाठ सोडली, आणि गुपित उघडण्याचा सर्वांत सुंदर प्रकार हाच होय.

उरला तो चौथा प्रकार, आणि तोच सर्वांत कठीण: धनी एक आणि भुर्दंड दुसऱ्यावर. याचे उदाहरणही याच मुलखात आहे आणि ते सांगताना आजही पुण्यातील जुन्या घरांत आवाज खाली येतो. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झाले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी चढले. ११ जुलै रोजी बांध खचू लागला. त्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो सावरून धरला. त्यांच्या त्या श्रमांमुळे काही तास मिळाले आणि लोंढा रात्री निजलेल्या शहरावर न येता दिवसा आला, हे उपकार पुणेकर विसरलेले नाहीत. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. पाठोपाठ खाली असलेले खडकवासल्याचे जुने धरणही गेले. आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. प्रथम नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर यांचा चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच अंत झाला, आणि ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले.

धरण का फुटले हा स्थापत्यशास्त्राचा विषय; त्यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न त्या मिळालेल्या तासांचा आहे. धरणावर जे ठाऊक होते ते नदीकाठच्या माणसास वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत का कळले नाही, ही तक्रार त्या पिढीने आयुष्यभर केली. ‘उगाच घबराट होईल’ हे कारण अशा वेळी नेहमी पुढे येते, आणि ते सर्वस्वी पोकळही नसते. लोक धावत सुटले असते, चेंगराचेंगरी झाली असती, आणि धरण टिकले असते तर सांगणारा हास्यास्पद ठरला असता. परंतु घबराट टाळण्यासाठी गप्प बसण्याचा अधिकार कोणाचा? जो उंचावर कोरडा उभा आहे त्याचा, की ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागणार आहे त्याचा? बाजारातल्या कथेत गिऱ्हाईक पैसे देऊन थैली घेत होता. निदान त्याला थैली दिसत तरी होती. येथे थैलीच दिसत नव्हती, आणि किंमत मात्र सगळ्यांकडून वसूल झाली. अशा प्रसंगी जो कारकून, जो चौकीदार, जो शिपाई वरिष्ठांची वाट न पाहता धावत येऊन सांगतो त्यास बोलभांड म्हणणे हा भाषेचाही अपराध आहे.

इतके दूरचे दाखले दिल्यावर घरचा एक न देणे हे आम्हास लबाडीचे वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी भोरकडच्या एका गावातील आमच्या परिचयाच्या गृहस्थांनी आपल्या मुलावर मोठे कर्ज झाले असल्याचे आम्हास विश्वासाने सांगितले होते. जमीनही गहाण पडली होती. काही महिन्यांनी एक सज्जन आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीसाठी तेच स्थळ चालले होते. त्यांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही म्हणालो, “माणसे चांगली आहेत.” ते वाक्य खोटे नव्हते, माणसे खरोखर चांगली होती. दुसऱ्याचा विश्वास पाळला या समाधानात आम्ही त्या रात्री निजलोही. लग्न झाले, आणि वर्षाच्या आत मुलीच्या अंगावरचे दागिने गेले. पुढे ते सज्जन एका समारंभात भेटले. त्यांनी आम्हास दोष दिला नाही. एवढेच विचारले, “आपल्याला ठाऊक होते का?” आम्ही होय म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पानाचे तबक आमच्यापुढे सरकवले. तो विडा आमच्या घशाखाली उतरला नाही.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाचा विचार करीत आहो. आम्ही गुपित फोडावयास हवे होते काय? एका बापाचा विश्वास मोडून दुसऱ्या बापास वाचवावयाचे? आज आम्हास वाटते की तिसरी वाट होती आणि आम्ही आळसाने अथवा भिडेने ती पाहिली नाही. मुलीचे वडील निघून गेल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही त्या परिचित गृहस्थांकडे जावयास हवे होते आणि म्हणावयास हवे होते, “ही गोष्ट आता एकट्या तुमची राहिली नाही. तुम्ही त्यांना सांगा. तुम्ही न सांगाल तर मला विचारल्यावर खोटे बोलवणार नाही.” गुपिताच्या धन्याला आधी संधी द्यावी. त्याने ती न घेतली तर ज्याच्यावर भुर्दंड पडणार त्यालाच, आणि जेवढे अवश्य तेवढेच सांगावे. चव्हाट्यावर तरीही नेऊ नये. याने आमची मैत्री बहुधा तुटली असती. पण तीच तर सांगण्याची किंमत. आणि ती देण्यास आम्ही तयार नव्हतो म्हणून आम्ही आमच्या भिडेला विश्वासूपणा हे नाव दिले.

कान्होजींच्या हातावरचे पाणी आम्हास आठवते ते यामुळेच. प्रत्येकाचे काही ना काही वतन असते: कोणाची मैत्री, कोणाची नोकरी, कोणाचे चारचौघांतले भलेपण. बोलावे की गप्प बसावे असा पेच पडला की आपण नीतीची सूत्रे शोधू लागतो, आणि पुष्कळदा त्या सूत्रांआड आपले वतन सुरक्षित बसलेले असते. निदान ते तेथे आहे एवढे तरी स्वतःपाशी कबूल करावे.

वहीतले ते भाषांतर शाळेतून परत आले तेव्हा ‘बिंग फुटले’ याखाली मास्तरांनी बरोबरची खूण केली होती. मुलाने आम्हास विचारले, “पण मांजर बाहेर सोडणारा चांगला की वाईट?” आम्ही त्यास सांगितले की ते वाक्यावरून कळत नाही, थैली कोणाची होती आणि पैसे कोण देणार होते, ते आधी विचारावे लागते. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. आमचे मात्र त्या उत्तराने अद्याप पुरते झालेले नाही.